दुरुस्ती की बदली?

माणसांची वर्गवारी आजवर पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे केली आहे. कुणी गरीब आणि श्रीमंत अशी केली, कुणी आस्तिक आणि नास्तिक अशी केली. पुण्यात तर पेठेतले आणि पेठेबाहेरचे एवढ्या दोन खणांत अवघी मानवजात मावते. परंतु बँकेच्या काउंटरमागे २२ वर्षं बसून मी ज्या निष्कर्षाला आलो आहे तो असा, की माणसं मुळात दोनच प्रकारची असतात. एक दुरुस्तीवाली आणि दुसरी बदलीवाली. फाटकी नोट हाती आली, की पहिल्या प्रकारचा माणूस घरभर चिकटपट्टी शोधत हिंडतो. दुसऱ्या प्रकारचा सरळ माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बदलून द्या."

आमच्या घरात हे दोन्ही पंथ एका छपराखाली नांदतात. आमचे बाबा हे दुरुस्तीपंथाचे आद्यपुरुष. त्यांच्या छत्रीच्या काड्या तीनदा बदलल्या, कापड दोनदा बदललं आणि मूठ एकदा बदलली. तरी ती बाहेर काढताना ते "ही माझी ८६ सालची छत्री" असंच म्हणतात. चिरंजीव बदलीपंथाचे. मोबाइलच्या काचेवर चरा उठला, की त्यांच्या लेखी तो फोन इतिहासजमा होतो. आमची ही दोन्ही पंथांना वेळप्रसंगी पाठिंबा देते, म्हणजे खरी सत्ता तिच्याकडे. राहता राहिलो मी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आल्याशिवाय खाली दुहेरी रेघ मारायची नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं आहे. आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांत ती सारखी येत नाही, आणि म्हणून माझी रेघ राहते.

छत्र्या आणि फोन यांच्यावर भागत होतं तोवर हे सहजीवन सुखाचं होतं. पण २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या गाडीचा सेल्फ गेला आणि घरात उघडउघड दोन तट पडले.

गाडीविषयी आधी दोन शब्द सांगायला हवेत. बाबा २००४ साली शाळेतून निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशांतून दसऱ्याला त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली. किंमत रुपये २ लाख १० हजार. कंपनीचं नाव सांगत नाही. २० वर्षं चालली म्हणून सांगावं तर ती जाहिरात होते, आणि बंद पडली म्हणून सांगावं तर बदनामी. १५ वर्षं झाल्यावर २०१९ साली तिची पुन्हा नोंदणी केली, तेव्हा फी ६०० रुपये होती. २०२२ च्या एप्रिलपासून सरकारने त्या ६०० चे ५,००० केले. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात पुढच्या ५ वर्षांसाठी आम्ही ५,००० आणि वर पर्यावरण कर भरून तिच्या आयुष्याची दोरी २०२९ पर्यंत वाढवून आणली. कागद हातात आल्यावर बाबांनी गाडीला हार घातला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात चावी फिरवली, तर गाडीने नुसतं "टक्" केलं आणि ती गप्प बसली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, खाली वाकून, परत उभं राहून सांगितलं, "साहेब, तुमचा सेल्फ गेलाय."

बँकेत २२ वर्षं काढलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगायची गरज नसते. पण तो गाडीबद्दल बोलत होता.

ज्यांच्याकडे गाडी नाही आणि म्हणून ज्यांची झोप शाबूत आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. पुस्तकात ज्याला स्टार्टर मोटर म्हणतात त्याला गॅरेजात सेल्फ म्हणतात. इंजिन हे मोठं बलवान, पण स्वतःहून उठणारं नव्हे. त्याला कुणीतरी पहिले दोन-तीन वेढे फिरवून द्यावे लागतात, मग ते आपलं आपण धावतं. (हे वर्णन वाचून कुणाला घरातलं कॉलेजात जाणारं मूल आठवलं, तर तो योगायोग समजावा.) ते उठवण्याचं काम सेल्फ करतो. चावी फिरवली, की सोलेनॉइड नावाचा एक खटका आठ-दहा दातांचं एक छोटं चाक पुढे ढकलतो. ते इंजिनाच्या मोठ्या फ्लायव्हीलच्या शंभरेक दातांच्या रिंगमध्ये अडकतं आणि मोटर सगळं धूड फिरवते. तेवढ्या दोन सेकंदांत ती बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर ओढते. एका हेडलाइटला पाचेक अँपिअर पुरतात, यावरून तिच्या भुकेची कल्पना यावी. इंजिन सुरू झालं, की छोटं चाक मागे सरतं आणि सेल्फ पुढच्या खेपेपर्यंत निवांत पडून राहतो.

या सेल्फचा आणि आम्हा कॅश सांभाळणाऱ्यांचा जुना ऋणानुबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर नावाच्या कंपनीत चार्ल्स केटरिंग नावाचे इंजिनिअर होते. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला दर वेळी दांडा फिरवावा लागे. त्यांनी त्याला विजेची छोटी मोटर बसवली. त्या काळी मोटारींनाही पुढून हँडल घालून फिरवावं लागे, आणि इंजिनाने उलटा हिसडा दिला की मनगट मोडे. इंजिन फिरवायचं तर इंजिनाएवढीच थोरली मोटर लागेल, अशी जाणकारांची समजूत होती. केटरिंग गल्ल्यावर शिकलेले होते. मोटरला क्षणभरच राबायचं असेल आणि मग आराम असेल, तर तिच्यावर बेसुमार भार टाकला तरी ती लहान असून चालते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातून १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना विजेचा सेल्फ बसला. वर्षभर बेताचं काम आणि ३१ मार्चला एकदम बेसुमार भार, हे तत्त्व आमच्या शाखेतही पाळलं जातं. पण त्यासाठी कुणी आमचं नाव इतिहासात घातलेलं नाही.

असो. सेल्फ गेला म्हणजे नक्की काय गेलं, हा खरा प्रश्न होता. इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. संध्याकाळी हिशेब जुळत नाही तेव्हा नवशिका क्लार्क सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासायला बसतो. मुरलेला क्लार्क आधी फरकाचा आकडा बघतो. फरक नवाने भागला जात असेल, तर कुठेतरी ४५ चे ५४ झालेले असायची दाट शक्यता. सेल्फचंही तसंच असतं. त्याचा फरक आवाजात कळतो. चावी फिरवल्यावर टकटकटकटक असा कोंबडी दाणे टिपल्यासारखा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं काहीतरी साठलं आहे. नुसतं घुर्र झालं आणि इंजिन हललंच नाही, तर मोटर फिरते आहे पण छोटं चाक, म्हणजे बेंडिक्स, धरत नाही. खर्र असा दातओठ खाल्ल्याचा आवाज आला, तर चाकाचे किंवा रिंगचे दात झिजले आहेत, आणि रिंग झिजली असेल तर नवाकोरा सेल्फसुद्धा काही करू शकत नाही. आणि हेडलाइट लावून चावी फिरवल्यावर दिवे लख्ख राहिले आणि एकच टक् झाला, तर विद्युतपुरवठा चोख आहे, आळस सेल्फच्या पोटात आहे. आमचा एकच टक् होता.

ही तपासणी आधी करण्याला फार महत्त्व आहे. अनेक घरी सेल्फ बदलून होतो, ५,००० जातात, आणि गाडी पुन्हा टक् करते. कारण इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल असते. आमच्या बँकेत याला बदली म्हणतात. एखाद्या शाखेचं खातं जुळत नसलं, की तिथल्या माणसाला उचलून दुसऱ्या तालुक्यात पाठवतात. माणूस जातो, फरक तिथेच राहतो, आणि नवा माणूस आल्यावर तोही टक् करू लागतो.

गाडीचा सेल्फ गेल्याची बातमी सोसायटीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. सल्ले येऊ लागले. माझं निरीक्षण असं, की सल्ला देणारा मनुष्य नेहमी स्वतः नुकतीच खरेदी केलेली वस्तू सुचवतो. तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी दिवाळीत इन्व्हर्टरची बॅटरी घेतली होती, ते म्हणाले, "बॅटरी बदला." दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कर्ज काढून विजेवरची गाडी घेतली होती, ते म्हणाले, "गाडीच काढून टाका हो. आमच्या गाडीला सेल्फच नसतो!" हे खरं होतं, पण ते त्यांनी अशा स्वरात सांगितलं की जणू आमच्या घराण्यातच काही उणं आहे. शाखेत विषय काढला, तर आमचे हेड कॅशियर म्हणाले, "ठोका." नोटा मोजायचं यंत्र, पासबुकाचा प्रिंटर आणि पाण्याचा कूलर या तिन्हींवर त्यांनी हाच उपाय यशस्वीपणे केलेला आहे. शाखाधिकारी म्हणाले, "तीन कोटेशनं मागवा."

हेड कॅशियरचा सल्ला फुकट असल्यामुळे आधी तो अमलात आणला. त्यात शास्त्रही आहे. सेल्फच्या पोटात कार्बनचे छोटे ठोकळे असतात. ते झिजून आखूड झाले, की फिरत्या भागाला टेकत नाहीत. ठोकल्यावर क्षणभर टेकतात. सेल्फ इंजिनाच्या मागे खोल बसवलेला असल्यामुळे लोखंडी दांडी त्यावर टेकवून वरून हाणावं लागे. मी चावी फिरवायची आणि बाबांनी ठोकायचं, अशी कामाची वाटणी झाली. ठोकायला आईच्या खलबत्त्यातला बत्ता घेतला होता. चार दिवस गाडी चालली आणि चार दिवस आमच्या घरी वेलदोडे अख्खे खाल्ले गेले. पाचव्या दिवशी बत्त्याचाही उपयोग होईना.

मग उताराचं पर्व सुरू झालं. आम्ही सहकारनगरात, तळजईच्या पायथ्याशी राहतो, हे आजवर फक्त धाप लागण्याच्या संदर्भात जाणवायचं. आता त्या चढाचा उतार झाला. गाडी तोंड खाली करून लावायची. निघताना चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, वेग आला की क्लच सोडायचा, आणि गचका देऊन इंजिन जागं होतं. एकदा हे जमलं, की माणसाचा सगळा भूगोल बदलतो. जगात फक्त दोनच गोष्टी दिसू लागतात, उतार आणि सपाटी. नातेवाइकांची फेरमांडणी झाली. डहाणूकर कॉलनीतला चुलतभाऊ, ज्याच्याशी बाबांचं फारसं पटत नाही, त्याच्या गल्लीला झकास उतार असल्यामुळे त्याच्याकडे दोनदा जाणं झालं. सदाशिव पेठेतली सख्खी मावशी सपाटीवर राहत असल्यामुळे तिला फोनवर भागवलं. पेट्रोल पंपावर तर इंजिन बंद करावंच लागतं. तिथे पेट्रोल भरणाऱ्या पोराने पैसे घेतल्यावर न सांगताच मागे जाऊन धक्का द्यायला हात लावला, तेव्हा आपली कीर्ती कुठवर पोहोचली आहे हे माझ्या लक्षात आलं.

शेवटी शाखाधिकाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे तीन कोटेशनं आणली. पहिलं एका मोठ्या वर्कशॉपचं. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने सांगितलं, "सर, आम्ही सेल्फ ओपन करत नाही. डायरेक्ट रिप्लेस करतो." नवा सेल्फ, मजुरीसकट ५,८०० रुपये. दुसरं एका दुकानाचं. जुना सेल्फ द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी भरून तयार केलेला घ्यायचा. २,४०० रुपये आणि ६ महिन्यांची हमी. तिसरं नाना पेठेतल्या एका चाचांचं. ते फोनवर म्हणाले, "हजार लागतील, बाराशे लागतील, तेराशे लागतील. उघडल्यावर कळेल. न उघडता आकडा सांगणारा मी ज्योतिषी नाही."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. गाडीवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला, तर २० वर्षांनी २ लाख १० हजारांचे सुमारे ८,१४० रुपये उरतात. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत घटत जाते पण शून्य कधीच होत नाही. माणसांच्या बाबतीतही हीच पद्धत वापरावी असं मला नेहमी वाटतं. म्हणजे नवा सेल्फ गाडीच्या ७१ टक्के किमतीचा झाला. दुसरीकडे गाडी अजून ५ वर्षं चालवायची, तर नव्याचा खर्च वर्षाला १,१६० पडतो, भरलेल्याचा ४८० आणि दुरुस्तीचा, १,३०० धरले तरी, २६०. चित्र स्वच्छ होतं. मी दुहेरी रेघ मारणार, इतक्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, पण ८,००० च्या वस्तूवर खर्च करायचाच कशाला? विकून टाकू ना."

"वीस वर्षं झाली म्हणून टाकायचं?" आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला. "काही तुटलंय का? नाही. घासलंय. घासलेलं आणि तुटलेलं यात फरक असतो."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शब्द न् शब्द. दोन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी बाबांचा उजवा गुडघा बदलायला सांगितला होता, तेव्हा दवाखान्यातून बाहेर पडताना ते हेच म्हणाले होते. तेव्हापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं, शेजारच्या सीटवर बसू लागले, आणि आमच्या घरात गुडघा हा शब्द निघणं बंद झालं. गेले दोन आठवडे आम्ही सेल्फविषयी बोलत होतो, पण बाबा कशाविषयी बोलत होते, हे माझ्या त्या क्षणी ध्यानात आलं. चिरंजीवांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी चक्क फोन खाली ठेवला.

तेव्हा आमची ही, जी इतका वेळ लसूण सोलत होती, ती बोलली. "दुरुस्त करा, नाहीतर नवा घाला. पैशांचं मला सांगू नका. थंडी सुरू झालीय. आईंना रात्री त्रास झाला, तर धक्का कोण मारणार ते सांगा."

आईला दमा आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री तीन वाजता तिला इस्पितळात न्यावं लागलं होतं, आणि त्या कडाक्याच्या थंडीत गाडी पहिल्या चावीला सुरू झाली होती. त्या गोष्टीचा कुणी उच्चार करत नाही. पण दर वर्षी दसऱ्याला बाबा गाडीला हार घालतात, तेव्हा आई आतून येऊन बॉनेटवरून एकदा हात फिरवते. माझ्या कागदावर या नोंदीला रकानाच नव्हता. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी बाबा आणि मी उतारावरून सुटलो ते थेट नाना पेठेत. चाचा वयाने बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील, पण सगळे चाचा म्हणतात म्हणून बाबाही त्यांना चाचाच म्हणू लागले. आणि बाबा मास्तर होते हे कळल्यावर चाचा त्यांना सर म्हणू लागले. चाचांनी बॅटरीची तार काढली, गाडीखालून दोन बोल्ट सोडवले, आणि एखादं बाळ उचलावं तसा सेल्फ बाहेर काढून बाकावर ठेवला. मग लांब स्क्रू काढून त्याचे भाग एकेक करून वर्तमानपत्रावर मांडले. बाबा गुडघा सरळ करून स्टुलावर बसले आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसे बघू लागले.

"हे बघा सर, कार्बन." चाचांनी दोन ठोकळे तळहातावर ठेवले. करंगळीच्या नखाएवढे उरले होते. "हे संपले. हे बुश, दांडा यात फिरतो. हलवून बघा, किती खेळतोय. हेही घासले. बेंडिक्सचे दात एका बाजूने गेलेत."

"आणि ते मधलं?" बाबांनी विचारलं.

"आर्मेचर. यात सगळा जीव." चाचांनी तांब्याच्या तारांचा तो गाभा हातात घेतला, काळा पडलेला भाग पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, करवतीच्या पात्याच्या तुकड्याने त्यातल्या खाचा साफ केल्या. मग दिव्याच्या दोन तारा घेऊन एक दांड्याला आणि एक तांब्याला लावली. दिवा लागला नाही. चाचा खूश झाले. दिवा न लागल्याचा आनंद होणारा इलेक्ट्रिशियन मी पहिल्यांदाच पाहत होतो. "दिवा लागला असता, तर आतून जळलं, करंट बाहेर पडतोय. मग मी हात लावला नसता. सांगितलं असतं, सर, नवीन टाका. पण हे नव्यासारखं आहे."

माझ्यातल्या वाणिज्य पदवीधराला त्या वर्तमानपत्रावर एक गोष्ट उमगली, जी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हती. दुरुस्ती आणि बदली हे दोन वेगळे रस्ते नाहीतच. कार्बन बदलला की ती सेल्फची दुरुस्ती, सेल्फ बदलला की ती गाडीची दुरुस्ती, आणि गाडी बदलली की ती, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मते, माणसाची दुरुस्ती. एका पायरीवरची बदली ही वरच्या पायरीवरची दुरुस्ती असते. प्रश्न एवढाच, की कुठल्या पायरीवर थांबायचं. गाभा चांगला असेल तर खाली थांबावं, गाभा जळला असेल तर वर चढावं. आणि गाभा कसा आहे, हे उघडून बघितल्याशिवाय टाय लावलेल्यालाही कळत नाही आणि कागद घेऊन बसलेल्यालाही कळत नाही. बाबांच्या छत्रीचा हिशेब मला त्या दिवशी प्रथम पटला.

बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "चाचा, रात्री तीन वाजता लागेल का?"

चाचांनी हातातलं काम थांबवलं. का, कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. "सर, कार्बन, बुश, बेंडिक्स तिन्ही नवीन टाकतो. रात्री तीनला लागेल. फक्त एक सांगतो, सुरू नाही झाली तर दहा सेकंदांच्या वर चावी धरून ठेवू नका. सोडा, अर्धा मिनिट थांबा, मग परत मारा. त्यालाही दम घेऊ द्या. आणि तरी नाही लागली, तर मला फोन करा. मी भवानी पेठेत राहतो. येतो."

कार्बन २५०, बुश १००, बेंडिक्स ४५०, मजुरी ५००. एकूण १,३००. ६ महिन्यांची हमी, १ वर्षाची हमी असं काही छापील मिळालं नाही. पण येतो, हा शब्द कुठल्याच कोटेशनात नव्हता. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. परतताना बाबांनी मला मुद्दाम सदाशिव पेठेतून घ्यायला लावली, मावशीच्या दारात सपाटीवर उभी केली, बंद केली आणि परत सुरू करून दाखवली. मावशीला यातलं काही कळलं नाही; तिने चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात बाबा आपण होऊन म्हणाले, "त्या डॉक्टरांची वेळ घे. नुसतं विचारून येऊ." मी काही बोललो नाही, आमच्याकडे चांगली गोष्ट घडत असताना गप्प बसायची रीत आहे. डॉक्टरांनी नवा एक्सरे उजेडात धरला आणि नेहमीप्रमाणे बदलण्याविषयी सांगू लागले. बाबांनी त्यांना मधेच थांबवलं.

"म्हणजे सबंध गुडघा काढून टाकणार?"

"नाही हो आजोबा, नावच तसं पडलंय," डॉक्टर म्हणाले. "हाड तुमचंच राहतं, स्नायूही तुमचेच. हाडांच्या टोकांचा घासलेला थर तेवढा काढायचा, तिथे धातूचं आवरण बसवायचं, आणि मधे घर्षण होऊ नये म्हणून प्लास्टिकचा एक तुकडा."

बाबांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे वळले. "अरे, म्हणजे नुसते बुश टाकणार आहेत हे! आधी नाही का सांगायचं?" मग डॉक्टरांकडे वळून, अगदी गंभीरपणे, "आणि आर्मेचर कसं आहे आमचं?"

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. "हृदयाचं विचारतायत," मी म्हणालो. रिपोर्ट चाळून डॉक्टरांनी ते उत्तम असल्याचं सांगितलं. बाबांनी समाधानाने मान हलवली, काठी घेतली आणि उठता उठता शेवटचा प्रश्न टाकला,

"डॉक्टर, रात्री तीन वाजता उठून, हिला घेऊन, गाडी चालवता येईल ना?"